छपरावरचं ऊन

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षं कुवेतमध्ये इलेक्ट्रिशियन होता. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात त्याची नोकरी गेली आणि तो चिपळूणला परत आला. सोबत दोन बॅगा, एक टाँग टेस्टर आणि डोक्यात एक वेड. त्याला गाडीत घर करायचं होतं. कुवेतमध्ये हिवाळा सुरू झाला की तिथली कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकतात, कॅराव्हॅन नेऊन उभ्या करतात आणि आठवडेच्या आठवडे तिथे राहतात. त्या गाड्यांची वायरिंग दुरुस्त करायला हा जायचा. तिथेच त्याच्या मनाने घेतलं की अशी एक गाडी आपल्याकडेही असावी.

अम्मी म्हणाल्या, "अल्लाहने डोक्यावर छप्पर दिलंय, ते सोडून गाडीत कशाला निजायचं?" घरातल्या सगळ्यांचंच तेव्हा हे मत होतं. तो गप्प बसला.

मग 22 जुलै 2021 उजाडला. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याबद्दल मी नव्याने काय सांगणार! आमचं घर दुमजली, त्यामुळे माणसं वाचली. खाली जिन्याखाली ठेवलेला इन्व्हर्टर आणि त्याच्या दोन्ही बॅटऱ्या मात्र पहिल्या तासातच बुडाल्या. अम्मींना झोपेत श्वास थांबण्याचा त्रास आहे. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, शरीरातला प्राणवायू उतरतो आणि माणूस दचकून जागा होतो. रात्रभर हेच. त्यावर सीपॅप नावाचं छोटं यंत्र मिळतं. ते नाकावरच्या मास्कमधून हलक्या दाबाने हवा सोडत राहतं, म्हणजे घसा मिटत नाही. ते यंत्र वरच्या मजल्यावर कोरडं, धडधाकट होतं, पण वीज नव्हती. अम्मींनी त्यानंतरच्या पाच रात्री खुर्चीत बसून काढल्या. डोळा लागला की मान खाली जायची आणि आम्ही पाळीपाळीने त्यांना सावरायचो.

पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता भाऊ म्हणाला, "आपा, आता मी गाडी घेणार. पण हौसेसाठी नाही." या वेळी कोणी अडवलं नाही.

2022 च्या अखेरीस त्याने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सीटा काढून दोन बर्थ, एक छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि बारा व्होल्टचा पंप बसवायचा असं ठरलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करायचा तर आधी आरटीओची मंजुरी लागते. त्या खेपा किती झाल्या ते तो सांगत नाही, मीही विचारत नाही. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं तेव्हापासून निदान खिडकीवरचा माणूस 'हे काय असतं' असं विचारत नाही, इतकंच.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच की त्या तासाचे शिक्षक रजेवर असले की मला वर्गावर पाठवतात. पण भावाला हिशेब लिहून ठेवणारं माणूस हवं होतं. "आपा, तुम्ही लिहा, माझं अक्षर मलाच लागत नाही." मी शंभर पानी वही केली. त्या वहीमुळे मला वीज कळली, असं म्हणायला हरकत नाही.

पहिला प्रश्न बॅटरीचा. घरच्या इन्व्हर्टरला आपण वापरतो ती ट्यूब्युलर, म्हणजे शिसं आणि ॲसिडची बॅटरी. तिचा स्वभाव असा की निम्म्याहून अधिक वापरली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. 150 अँपिअर-अवरच्या दोन घेतल्या तर त्यांत कागदावर 3,600 वॅट-अवर वीज मावते, पण वापरायची फक्त 1,800. वजन मात्र शंभर किलोच्या वर. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि जिथे माणसं निजणार तिथेच तिला ठेवायचं. भाऊ म्हणाला, लिथियम घेऊ.

लिथियम म्हटलं की मला मोबाइलच्या स्फोटाच्या बातम्या आठवल्या. त्यावर त्याने समजावलं की लिथियम हे एका बॅटरीचं नाव नसून खानदानाचं नाव आहे. मोबाइलमध्ये असते ती कोबाल्टवाली, हलकी आणि तापट. गाडीत झोपायच्या जागी लावायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट. हिच्यात प्राणवायू फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे ती तापली तरी सहजासहजी आग धरत नाही. वजनाला थोडी जड, पण सोशिक. रोज रिकामी करून रोज भरली तरी हजारो वेळा साथ देते, आणि ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत निश्चिंतपणे वापरता येते.

हिचा शोध कोणी लावला हे मी नंतर वाचलं आणि दहावीच्या वर्गात सांगितलं. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ नावाचे प्राध्यापक होते. 1997 मध्ये या पदार्थाबद्दलचा जो शोधनिबंध आला, त्यावर त्यांच्यासोबत पाढी आणि नंजुंडस्वामी ही आपल्याकडची नावं आहेत. गुडइनफ तेव्हा सत्तरी ओलांडून पुढे गेले होते. त्यांना 2019 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते वयाच्या 97 व्या वर्षी. इतक्या वयात नोबेल घेणारा माणूस त्यांच्याआधी झाला नव्हता. 2023 मध्ये शंभरी पूर्ण करून ते गेले. वर्गातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे अजून माझ्याकडे वेळ आहे." त्याला मी बसायला सांगितलं.

सेल आणायला भाऊ मोठ्या शहरातल्या बाजारात गेला. 3.2 व्होल्टचे चार सेल एकामागोमाग जोडले की 12.8 व्होल्ट होतात. प्रत्येकी 200 अँपिअर-अवर म्हणजे एकूण 2,560 वॅट-अवर. दुकानदाराने नवे कोरे म्हणून दिले. निळं प्लास्टिक चकचकीत, वर पहिल्या दर्जाचं स्टिकर. घरी आल्यावर भावाने एक काम केलं जे मला सुरुवातीला पोरखेळ वाटलं. सेल पूर्ण भरून घेतले, मग ट्रकच्या हेडलाइटचे चार बारा-व्होल्टी बल्ब एका फळीवर लावले आणि बॅटरीला जोडले. टाँग टेस्टरवर 18 अँपिअर दाखवत होते. 200 भागिले 18, म्हणजे बल्ब अकरा तास जळायला हवेत. मी दर अर्ध्या तासाला व्होल्टेज लिहायला बसले.

सकाळी दहाला 13.1. दुपारी एकला 13.1. तीनला 13.0. मी म्हटलं, किती छान चाललंय! भाऊ हसला. या बॅटरीचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम दरीत कोसळतं. वर्गात अशी मुलं असतात, वर्षभर 'येतंय मॅडम' म्हणतात आणि परीक्षेच्या दिवशी कळतं. म्हणून व्होल्टेज बघून ही बॅटरी किती उरली ते सांगता येत नाही. आत किती गेली आणि बाहेर किती आली याची मोजदाद ठेवणारा मीटर वेगळा बसवावा लागतो. पाच वाजून चाळीस मिनिटांनी बल्ब विझले. सात तास चाळीस मिनिटं, गुणिले 18, म्हणजे 138 अँपिअर-अवर. 200 चे पैसे दिलेले सेल वापरून झालेले होते. कुठल्या तरी गाडीतून काढून वर नवं प्लास्टिक चढवलेलं.

भावाने दुकानदाराला फोन केला, मग समोर जाऊन बसला. पावती कच्ची होती. दुकानदार म्हणाला, बल्बने काय मोजमाप होतं का? पैसे परत मिळाले नाहीत. पन्नास हजारांच्या आतबाहेर रक्कम होती आणि ती आखाती नोकरीच्या शेवटच्या बचतीतली होती. माझी भावजय दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या भिशीचे पैसे काढून दिले आणि म्हणाली, या वेळी बल्ब दुकानातच घेऊन जा. त्याने खरंच तसं केलं. दुसऱ्या व्यापाऱ्याने काही न बोलता त्याला दिवसभर दुकानात बसू दिलं. ते सेल 204 भरले. बाजारात सगळेच एका माळेचे मणी नसतात.

पहिले चार सेल फेकले मात्र नाहीत. अम्मींच्या खोलीत वरच्या फडताळावर, पुराच्या पाण्याच्या रेषेच्या बऱ्याच वर, ते बसवले. 138 तर 138. अम्मींचं यंत्र एका रात्रीत 240 वॅट-अवर खातं, म्हणजे वीज नसली तरी सहा रात्री निघतात. त्यातही एक खुबी आहे. ते यंत्र मुळात 24 व्होल्टच्या डीसीवर चालतं. आपण बॅटरीची वीज इन्व्हर्टरने 230 व्होल्ट एसी करायची आणि यंत्राच्या अडॅप्टरने ती पुन्हा डीसी करायची, यात दोन्हीकडे दलाली जाते. भावाने मधला इन्व्हर्टरच काढला आणि 12 चं 24 करणारा छोटा कन्व्हर्टर लावला. हवेत ओलावा आणणारी यंत्रातली गरम पाण्याची डबी तेवढी बंद ठेवायची, कारण ती यंत्रापेक्षा जास्त वीज पिते.

गाडीचा हिशेब मी वहीत असा मांडला. अम्मींचं यंत्र 240. इन्सुलिनसाठी चाळीस लिटरचा कंप्रेसरवाला फ्रिज, 45 वॅटचा, पण दिवसातून एक तृतीयांश वेळच चालणारा, म्हणून 360. पंखा 200. दिवे 80. मोबाइल 60. बेरीज 940. दहा टक्के बॅटरी राखून ठेवली तरी दोन दिवस ऊन न मिळता निघतात. मग भावजयीने विचारलं, मिक्सर? आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. 500 वॅट म्हटल्यावर छाती दडपते, पण वाटण तीन मिनिटांचं, म्हणजे जेमतेम 25 वॅट-अवर. मिक्सरला मंजुरी मिळाली. इंडक्शन शेगडी अर्धा तास चालवली तर मात्र पूर्ण दिवसाची वीज जाते, म्हणून स्वयंपाक गॅसवर. वॅट म्हणजे नळाची धार आणि वॅट-अवर म्हणजे हंड्यात साठलेलं पाणी, हे मी तेव्हापासून वर्गात असंच सांगते. बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. ज्यांनी एका तासाच्या नळावर दिवस काढलाय त्यांना साठवण आणि धार यांतला फरक चांगला ठाऊक असतो.

फ्यूजबद्दल भाऊ फार कडक आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच, असं तो म्हणतो. 12 व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण या बॅटरीची दोन टोकं चुकून जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि हातातला पाना लाल होतो. त्याने सगळ्या पान्यांच्या दांड्यांना टेप गुंडाळली आहे. भाचीला बॅटरीच्या पेटीजवळ बांगड्या घालून यायला मनाई आहे. सेलवर नजर ठेवणारं एक सर्किट असतं, त्याला बीएमएस म्हणतात. एखादा सेल जास्त भरला, जास्त रिकामा झाला किंवा तापला तर ते वाट तोडून टाकतं. "पण रखवालदार ठेवला म्हणून कुलूप लावायचं नाही असं होत नाही," हे भावाचं वाक्य.

छपरावर 200 वॅटची दोन पॅनल बसली. पॅनलवर लिहिलेले वॅट हे 25 अंश तापमानाला मोजलेले असतात, आणि आपल्या उन्हात पॅनल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतं. दर अंशाला थोडी थोडी वीज घटते. मार्चमधल्या स्वच्छ दुपारी 400 पैकी 310 वॅट दिसले, ते आमच्या वहीतलं सर्वांत मोठं आकडं. म्हणून छप्पर आणि पॅनल यांत दोन इंच जागा सोडली, खालून वारा फिरायला. मार्चमध्ये एका दिवसात 1,650 वॅट-अवर आले, आणि जुलैच्या एका दिवशी 190. कोकणातल्या पावसाचं यापेक्षा अचूक वर्णन मी मराठीच्या पेपरात वाचलेलं नाही.

ढगांसाठी दुसरी सोय होती. गाडी चालू असताना इंजिनच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरायची. इथेही लिथियमचा स्वभाव आडवा येतो. ही बॅटरी समोरून मिळेल तितकं ओढते, त्यामुळे अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये 30 अँपिअरचा चार्जर बसवला. तो द्वारपालासारखा मोजून तेवढंच आत सोडतो. तासाला साधारण 380 वॅट-अवर.

आता प्रवासाची गोष्ट. अम्मींची धाकटी बहीण, आमच्या खालाजान, नळदुर्गजवळच्या एका गावात राहतात. त्यांची फुप्फुसं खराब झाली आहेत आणि वर्षभरापासून घरात ऑक्सिजन काढणारं यंत्र आहे. दोघी बहिणींची भेट होऊन सहा वर्षं झाली होती. खालाजानना हलवता येत नव्हतं, आणि अम्मी रात्री यंत्राशिवाय कुठे राहू शकत नव्हत्या. शिवाय वाटेत तीन-चार तासांनी पाठ टेकावीच लागते. 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो.

कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड, मग सांगोल्याला पेट्रोल पंपाच्या आवारात मुक्काम. पंपावरच्या पोराने गाडीत डोकावून विचारलं, "आजी, तुम्ही इथंच राहता का?" अम्मी म्हणाल्या, "हो बेटा, आजपासून." रात्री मी मीटरचा पडदा बघत जागी होते. झोपताना 98, पहाटे पाचला 79. यंत्राची संथ घुरघुर सुरू होती आणि अम्मी बर्थवर आडव्या, चेहऱ्यावर मास्क, गाढ झोपेत. भावाला उठवून सांगावंसं वाटलं, पण तोही घोरत होता.

दुसऱ्या दिवशी सोलापूरवरून दुपारी पोचलो तेव्हा बॅटरी भरलेली होती. खालाजाद भावाने अंगणातल्या कडुनिंबाखाली जागा झाडून ठेवली होती. भाऊ म्हणाला, गाडी उन्हात लावतो. त्यांना ते आवडलं नाही, पाहुण्यांची गाडी उन्हात कशी? पण पॅनलवर फांदीची सावली पडली की वीज नुसती तेवढ्याच भागाची जात नाही, सगळी धार आटते. गाडी शेवटी उघड्यावर उभी राहिली आणि माणसं सावलीत बसली. दोघी बहिणींनी काय बोलून घेतलं ते मी लिहिणार नाही. बरंचसं मला ऐकूही आलं नाही.

रात्री नऊच्या सुमारास डीपीच्या दिशेने मोठा आवाज झाला आणि गाव काळोखात गेलं. कोणीतरी ओरडलं, केबल जळाली. वायरमनला फोन लागला, पण सकाळशिवाय काही होणार नव्हतं. घरातल्या जुन्या इन्व्हर्टरवर ऑक्सिजनचं यंत्र वीस-पंचवीस मिनिटं चाललं आणि मग तो इन्व्हर्टर कण्हू लागला. घरात ऑक्सिजनचे दोन सिलिंडर असतात. एक भरायला सोलापूरला गेलेला, दुसऱ्याचा काटा लाल पट्ट्यात. फार तर तासाभराचा.

भावाने गाडीच्या इन्व्हर्टरमधून लांब एक्स्टेन्शन खिडकीतून आत नेलं. खालाजाद भाऊ म्हणाला, एवढ्या बारीक वायरवर चालेल? चालतं. 230 व्होल्टवर ते यंत्र जेमतेम दीड अँपिअर घेतं. तीच वीज गाडीच्या आत 12 व्होल्टवर वाहते तेव्हा मात्र अंगठ्याएवढी केबल लागते. यंत्र सुरू झालं. पडद्यावर ओझं 355 वॅट, बॅटरी 96 टक्के.

मी वही उघडली. फ्रिज बंद, दिवे बंद. इन्सुलिनची चिंता नव्हती. झाकण न उघडता फ्रिज रात्रभर गार राहतो, आणि वापरात असलेली बाटली साध्या थंडाव्यातही काही आठवडे टिकते. दहा टक्के राखले तर हातात 2,200 वॅट-अवर. खालाजानना पहाटेच्या उन्हापर्यंत सव्वादहा तास, म्हणजे साधारण 3,640. अम्मींचे 210. एकूण 3,850. सोळाशे-साडेसोळाशे कमी पडत होते. तासाला 380 धरून साडेचार तास इंजिन चालवलं तर भरून निघत होतं, जेमतेम. डिझेल अर्धी टाकी होतं. भावाने गाडी वळवून धुराचं तोंड घरापासून दूर, वाऱ्याच्या दिशेने केलं, आणि त्या बाजूच्या खिडक्या लावायला सांगितल्या. साडेनऊ ते साडेअकरा, लोक जागे असेपर्यंत. मग साडेतीन ते सहा.

अम्मी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "माझं यंत्र बंद करा. तिला द्या."

मी भागाकार केला. 210 भागिले 355. म्हटलं, "अम्मी, तुम्ही रात्रभर बसून राहिलात तरी खालाजानना फक्त पस्तीस मिनिटं जास्त मिळतील."

"पस्तीस मिनिटं कमी असतात का, बेटा?"

मला उत्तर सुचलं नाही. भाऊ बॉनेटजवळून म्हणाला, "अम्मी, ती पस्तीस मिनिटं मी डिझेलने भरतो. तुम्ही मास्क लावा." तरीही त्या एक वाजेपर्यंत बहिणीच्या खाटेजवळ बसून होत्या. मग तिथेच जमिनीवर गादी घालून घेतली. त्यांच्या यंत्रासाठी मी दुसरी वायर आत नेली. एका खोलीत दोन यंत्रं चालू होती, एक ठसक्याने फुसफुसणारं आणि एक संथ. मधेच खालाजान काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

तीनला बॅटरी 34 वर होती. सकाळी साडेसातला 13. साडेआठला पॅनलवर 90 वॅट, साडेनऊला 190. तोवर पुन्हा इंजिन चालवावं लागलं. अकरा वाजता 290 दिसले तेव्हा भावाने इंजिन बंद केलं आणि अंगणातच आडवा झाला. तो कडुनिंबाखाली झोपला आणि गाडी उन्हात राहिली. ज्या पाहुणचारावरून आदल्या दिवशी कुरकुर झाली होती, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. एक वाजून दहा मिनिटांनी गावात लाइट आली. सोलापूरहून भरलेला सिलिंडर संध्याकाळी पोचला.

जानेवारीत भाऊ पुन्हा एकटाच नळदुर्गला गेला. अम्मींच्या खोलीतली ती 138 वाली बॅटरी त्याने सोबत नेली. आमच्याकडे आता गाडी आहे, म्हणाला. खालाजानच्या पत्र्यावर 200 वॅटचं एक पॅनल चढवलं, पेटी, फ्यूज, मीटर आणि इन्व्हर्टर बसवला. ऑक्सिजनचं यंत्र त्यावर साडेचार तास चालतं. रात्रभर चालत नाही, पण सिलिंडर बदलायला किंवा सोलापूर गाठायला पुरतं. दुसरी तशीच बॅटरी उन्हाळ्यात बसवायची आहे. भावजयीची भिशी मे महिन्यात आहे.

अम्मी रोज मगरिबनंतर बहिणीला फोन करतात. सलाम झाला की पहिला प्रश्न, "किती आहेत?" पलीकडून खालाजान चष्मा शोधतात, मीटरजवळ जातात आणि वाचून सांगतात. काल अठ्ठ्याण्णव होते.